मातीतल्या जिवाणूंच्या जनुकांतून नव्या औषधांचा शोध: रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहिती

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर आत बोलावतात आणि सांगतात, "कल्चर रिपोर्ट आला आहे. हा जंतू बहुतेक अँटिबायोटिक्सना दाद देत नाही." त्यावर जवळजवळ प्रत्येक घरातून एकच प्रश्न येतो, "मग नवीन औषध नाही का, डॉक्टर? खर्चाचं आम्ही बघू."

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. नव्या औषधांचा शोध चालू आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्या पायाखालच्या मातीत चालू आहे. शास्त्रज्ञ मातीतल्या जिवाणूंची जनुके वाचून त्यांत दडलेली औषधे शोधत आहेत. या पद्धतीला जीनोम मायनिंग म्हणतात. ती कशी चालते, तिच्यातून आजवर काय हाती आले आहे आणि तुमच्या रुग्णाच्या दृष्टीने तिचा आज काय अर्थ आहे, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- आज वापरात असलेली अनेक प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक्स, मुळात मातीतल्या जिवाणूंनी बनवलेली आहेत.
- सहज सापडणारी औषधे १९४० ते १९६० च्या दशकांत सापडून गेली. नंतर तीच तीच औषधे पुन्हा सापडू लागली.
- जिवाणूंचा जनुकसंच वाचल्यावर कळले, की प्रयोगशाळेत दिसली त्यापेक्षा कितीतरी जास्त रसायने बनवण्याची क्षमता त्यांच्यात आहे.
- या मार्गाने मॅलासिडिन, मॅकोलासिन, सिलॅजिसिन अशी नवी संयुगे मिळाली आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांत ती उपयोगी ठरली, पण औषधाच्या दुकानात ती मिळत नाहीत.
- म्हणून आज हातात असलेली औषधे टिकवणे हाच रुग्णाच्या बाजूने सर्वांत मोठा उपाय आहे.

मातीतून आलेली कोणती औषधे तुमच्या परिचयाची आहेत?

पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो बऱ्याच अंशी जिऑस्मिन नावाच्या रसायनाचा असतो. हे रसायन मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बनवतात. हेच जिवाणू औषधेही बनवतात.

क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन. ते १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूपासून मिळवले. क्षयाच्या उपचारात आजही मुख्य असलेले रिफॅम्पिसिन ज्या संयुगापासून तयार झाले, ते १९५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मातीच्या नमुन्यातून मिळाले. ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातले पहिले औषध लेडर्ले कंपनीत सापडले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव. व्हँकोमायसिनचा जिवाणू बोर्निओच्या मातीतला, तर एरिथ्रोमायसिनचा फिलिपिन्सच्या मातीतला. शेवटचा पर्याय म्हणून आयसीयूत दिले जाणारे कोलिस्टिनही मातीतल्याच जिवाणूचे.

ही यादी फक्त जंतुसंसर्गापुरती नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत त्या आजाराचे, बरेच रुग्ण आले. तेव्हा ज्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते, ते अँफोटेरिसिन बी व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबाच्या मातीतून आले आणि सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतून. स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे इंजेक्शनही इटलीतील मातीतल्या जिवाणूचीच देणगी आहे.

महाराष्ट्राच्या मातीचेही या यादीत नाव आहे. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवण्यात आले.

जिवाणू ही रसायने कशासाठी बनवतात?

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. अन्न थोडे आणि खाणारे फार, अशी तिथली परिस्थिती. काही जिवाणू शेजाऱ्याची वाढ रोखणारी रसायने सोडतात. काही रसायने एकमेकांना संदेश देण्यासाठी असतात, काही लोहासारखी खनिजे मिळवण्यासाठी. यांतली काही आपल्या शरीरातल्या जंतूंवरही चालतात. तीच आपली औषधे झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जो जिवाणू विष बनवतो, त्याला आधी स्वतःला त्या विषापासून वाचवावे लागते. त्यामुळे औषध बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारी बहुधा त्या औषधाला दाद न देण्याची जनुकेही असतात. म्हणजे औषधाला प्रतिरोध ही माणसाने निर्माण केलेली गोष्ट नाही. कॅनडातील युकॉन भागात सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही शास्त्रज्ञांना प्रतिरोधाची जनुके सापडली आहेत. आपण मात्र औषधांचा बेसुमार वापर करून अशा जिवाणूंना वाढायला रान मोकळे करून दिले.

जुनी पद्धत का अडली?

जुनी पद्धत सोपी होती. जगभरातून मातीचे नमुने आणायचे, त्यातले जिवाणू बशीत वाढवायचे आणि कोणत्या जिवाणूभोवती रोगजंतू वाढत नाही ते बघायचे. १९४० ते १९६० च्या दशकांत या पद्धतीने भराभर औषधे मिळाली.

पुढे दोन अडचणी आल्या. एक, सापडलेले रसायन तपासले की ते बहुतेक वेळा आधीच माहीत असलेले निघे. महिनोन् महिने काम करून पुन्हा स्ट्रेप्टोमायसिनच हाती येणार असेल, तर कंपन्या त्यात पैसा घालत नाहीत. दुसरी, मातीतल्या जिवाणूंपैकी बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. त्यांना लागणारे अन्न, सोबत, तापमान आपल्याला देता येत नाही. म्हणजे इतकी वर्षे आपण मातीतल्या अगदी थोड्या रहिवाशांचीच चौकशी करत होतो.

जनुकसंच वाचल्यावर काय दिसले?

जनुकसंच म्हणजे एखाद्या सजीवाच्या पेशीत असलेली सगळी लिखित माहिती. ही माहिती डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते.

२००२ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसिस सेलिकलर या मातीतल्या जिवाणूचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ८७ लाख अक्षरे आणि सुमारे ७,८०० जनुके होती. या जिवाणूवर कित्येक वर्षे अभ्यास चालू होता आणि त्याने बनवलेली मोजकीच रसायने माहीत होती. जनुकसंचात मात्र अशी रसायने बनवू शकणारे २० पेक्षा जास्त जनुकगट दिसले. त्यांतल्या बहुतेकांकडून काय तयार होते, हे कोणीच पाहिले नव्हते. जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसिस ॲव्हरमिटिलिसचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हाही असेच चित्र दिसले. आयव्हरमेक्टिन हे औषध याच जिवाणूमुळे मिळाले आहे. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घरातल्या पाककृतींच्या वहीचे उदाहरण घ्या. वहीत शंभर पदार्थ लिहिलेले असतात, पण रोजच्या स्वयंपाकात त्यांतले दहाच होतात. अनारसे दिवाळीलाच होतात. बाहेरचा माणूस रोज जेवायला आला, तरी या घरात अनारसे करता येतात हे त्याला कळणार नाही. वही चाळली तर कळेल. जिवाणूचेही तसेच आहे. प्रयोगशाळेत आरामात वाढताना त्याला बहुतेक पाककृतींची गरज पडत नाही, म्हणून ती जनुके गप्प असतात. जीनोम मायनिंग म्हणजे त्या घरात जेवत बसण्याऐवजी थेट वही वाचणे.

जीनोम मायनिंग कसे करतात?

१. डीएनए मिळवणे. जिवाणू वाढवता आला तर त्याचा डीएनए काढतात. वाढत नसेल तर मातीतूनच सगळ्या जिवाणूंचा एकत्रित डीएनए वेगळा करतात.

२. वाचणे. यंत्राने डीएनएमधील अक्षरांचा क्रम वाचतात. पूर्वी एका जिवाणूसाठी वर्षे लागत, आता हे काम दिवसांत आणि खूप कमी खर्चात होते.

३. जनुकगट ओळखणे. एखादे रसायन बनवणारी जनुके जिवाणूत बहुधा शेजारी शेजारी असतात. त्यामुळे संगणकाला ती शोधता येतात. अँटिस्मॅश नावाची संगणक प्रणाली २०११ पासून यासाठी वापरली जाते.

४. काय बनेल याचा अंदाज. काही जनुकगट कारखान्यातल्या जुळणीच्या पट्ट्यासारखे काम करतात. एक भाग एक तुकडा जोडतो, पुढचा भाग पुढचा. त्यामुळे जनुकांचा क्रम वाचून तयार होणाऱ्या रसायनाचा अंदाज बांधता येतो. जवळ स्वसंरक्षणाचे जनुक असेल, तर ते रसायन जंतूच्या कोणत्या भागावर घाव घालत असेल, याचाही सुगावा लागतो.

५. रसायन प्रत्यक्ष मिळवणे. यासाठी तीन वाटा आहेत. गप्प जनुकांना जागे करणे, तो जनुकगट सहज वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूत घालणे, किंवा अंदाजावरून ते रसायन प्रयोगशाळेत थेट तयार करणे.

६. तपासणे. मिळालेले रसायन रोगजंतूंना मारते का आणि माणसाच्या पेशींना इजा करते का, हे पाहतात.

चौथ्या आणि पाचव्या पायरीवर बरेच प्रयत्न फसतात. संगणकाचा अंदाज चुकतो, किंवा तयार झालेले रसायन कोणत्याच रोगजंतूवर चालत नाही.

आजवर काय हाती आले?

मॅलासिडिन (२०१८). न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शॉन ब्रॅडी यांच्या गटाने अमेरिकेतील सामान्य नागरिकांच्या मदतीने २,००० हून अधिक मातीचे नमुने गोळा केले. जिवाणू न वाढवता मातीतून थेट डीएनए काढून त्यात विशिष्ट जनुके शोधली. त्यातून मिळालेल्या मॅलासिडिनने उंदीरवर्गीय प्राण्यांच्या जखमांतील एमआरएसए हा चिवट जंतू मारला.

मॅकोलासिन (२०२२). कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची माहिती प्रसिद्ध झाली. हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते आणि कोलिस्टिन निकामी करते. ब्रॅडी यांच्या गटाने हजारो जनुकसंचांत कोलिस्टिनच्या भाऊबंदांचा शोध घेतला. एका जनुकगटावरून अंदाज बांधून त्यांनी मॅकोलासिन प्रयोगशाळेत तयार केले. एमसीआर-१ असलेल्या जंतूंवरही ते चालले.

सिलॅजिसिन (२०२२). हेही आधी संगणकावर वाचले आणि मग रसायनशाळेत बनवले. जंतूच्या आवरणासाठी लागणाऱ्या दोन वेगवेगळ्या रेणूंना ते पकडते, त्यामुळे जंतूला त्याच्यापासून निसटणे अवघड जाते. पण मूळ संयुग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसत होते आणि जंतूपर्यंत पुरेसे पोहोचत नव्हते. त्याची रचना बदलल्यावर ते उंदरांमध्ये उपयोगी ठरले. बशीत चालणारे औषध शरीरात चालेलच असे नसते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

न वाढणाऱ्या जिवाणूंना वाढवण्याचे मार्गही निघाले आहेत. २०१५ मधील टेक्सोबॅक्टिन अशा जिवाणूपासून मिळाले, ज्याला एका छोट्या उपकरणात ठेवून त्याच्या मूळ मातीतच वाढवले गेले. २०२५ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने लॅरिओसिडिन हे नवे संयुग जाहीर केले. त्याचा जिवाणू एका घराच्या परसातल्या मातीतला होता. शास्त्रज्ञांनी ती माती सुमारे वर्षभर प्रयोगशाळेत ठेवून हळू वाढणाऱ्या जिवाणूंना वेळ दिला होता.

मग ही औषधे रुग्णाला का मिळत नाहीत?

वर सांगितलेली पाचही नवी संयुगे दवाखान्यात वापरण्यासाठी मंजूर औषधे नाहीत. कारण शोध ही पहिली पायरी असते. त्यानंतर प्राण्यांवर सुरक्षितता पाहतात, मग थोड्या निरोगी स्वयंसेवकांवर, मग काही रुग्णांवर आणि शेवटी मोठ्या संख्येने रुग्णांवर चाचण्या होतात. यात दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ सहज जातो आणि वाटेत बहुतेक संयुगे गळतात. काही मूत्रपिंडाला इजा करतात, काही शरीरात टिकत नाहीत, काही मोठ्या प्रमाणावर बनवताच येत नाहीत.

सिरोलिमसचे उदाहरण पाहा. ईस्टर बेटावरची माती १९६४ मध्ये गोळा झाली. माँट्रियलमध्ये भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी तिच्यातल्या जिवाणूपासून हे संयुग मिळवले. मधल्या काळात काम बंद पडले, तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९९९ मध्ये. माती ते औषध हा प्रवास ३५ वर्षांचा झाला.

पैशाचा प्रश्नही आहे. मधुमेहाची गोळी रुग्ण वर्षानुवर्षे घेतो, अँटिबायोटिक आठवडाभर. शिवाय नवे अँटिबायोटिक डॉक्टर जपून, गरज असेल तरच वापरतात आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे विक्री कमी होते. अमेरिकेतील अचाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दरम्यान, गरज वाढतच आहे. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे.

तुमच्या रुग्णासाठी आज काय करता येते?

कल्चर रिपोर्ट समजून घ्या. रिपोर्टमध्ये प्रत्येक औषधापुढे एक अक्षर असते. "एस" म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो. "आर" म्हणजे दाद देत नाही. "आय" म्हणजे मधली स्थिती, जास्त मात्रेत किंवा शरीराच्या विशिष्ट भागातील संसर्गात उपयोग होऊ शकतो. यादीत "एस" असलेले प्रत्येक औषध तुमच्या रुग्णाला चालेलच असे नाही. संसर्ग फुप्फुसात आहे की लघवीत, मूत्रपिंड कसे चालते आहे, हे पाहून डॉक्टर निवड करतात.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा:

- जंतू कोणता आहे आणि तो कुठून मिळाला, रक्तातून, लघवीतून की श्वासनलिकेतून?
- तो खरोखर आजाराचे कारण आहे, की नुसता तिथे वस्तीला आहे?
- सध्या चालू असलेले औषध त्याच्यावर चालते का? किती दिवस द्यावे लागेल?
- औषधाचा मूत्रपिंडावर किंवा कानांवर परिणाम होऊ शकतो का? त्यासाठी कोणत्या तपासण्या चालू आहेत?
- सलाइनची नळी, लघवीची नळी, पू साठलेली जागा यांतले काही काढणे किंवा बदलणे गरजेचे आहे का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कित्येकदा नव्या औषधापेक्षा पू बाहेर काढणे किंवा जुनी नळी बदलणे जास्त उपयोगी पडते.

प्रतिरोधी जंतूंवर काहीच उपाय नाही, असेही समजू नका. जुनी औषधे योग्य मात्रेत किंवा एकत्र दिली जातात. सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टमसारखी तुलनेने नवी मिश्रणे भारतात उपलब्ध आहेत. ती सगळ्याच जंतूंवर चालत नाहीत, म्हणून तुमच्या रुग्णाच्या रिपोर्टनुसार विचारणा करा.

औषधे टिकवण्यासाठी घरी काय करावे?

स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा क्षयाचे रुग्ण काही महिने सुधारत आणि मग अनेकांचा आजार उलटे. एकटे औषध दिल्यामुळे क्षयाचे जंतू त्याला सरावत होते. म्हणूनच आज क्षयाला एकाच वेळी अनेक औषधे देतात आणि मध्येच थांबू देत नाहीत. तोच धडा घरोघरी लागू आहे.

- सर्दी, साधा खोकला, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरांकडे त्यासाठी आग्रह धरू नका.
- औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. "मागच्या वेळी याच गोळीने बरे वाटले होते" हे कारण पुरेसे नाही.
- डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस औषध घ्या. बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नका आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी ठेवू नका.
- शक्य असेल तिथे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरसाठी नमुना द्या. पण रुग्ण गंभीर असेल तर औषधाला उशीर होऊ देऊ नका.
- हात धुणे, स्वच्छ पाणी आणि वेळेवर लस. संसर्गच झाला नाही, तर औषधाचा प्रश्न येत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही औषधे नैसर्गिक आहेत, मग त्यांचे दुष्परिणाम नसतील ना?

असतात. स्ट्रेप्टोमायसिनने श्रवणशक्ती कमी होऊ शकते, कोलिस्टिन आणि अँफोटेरिसिनने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. निसर्गातले आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. जिवाणूने ते दुसऱ्याला मारण्यासाठीच बनवलेले असू शकते.

मातीतच औषध आहे, तर जखमेवर माती लावली तर चालेल का?

अजिबात नाही. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. औषध म्हणजे मातीतून वेगळे काढलेले, शुद्ध केलेले, मोजून दिलेले एकच रसायन. जखमेला माती लागली तर ती स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

जीनोम मायनिंगमध्ये माझी किंवा रुग्णाची जनुके तपासतात का?

नाही. यात मातीतल्या जिवाणूंची जनुके वाचली जातात. रुग्णाच्या संसर्गातील जंतूची जनुकीय तपासणी, उदाहरणार्थ क्षयासाठी थुंकीची सीबीनॅट चाचणी, ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यातून औषध शोधत नाहीत, तर जंतू कोणत्या औषधाला दाद देईल ते पाहतात.

नव्या औषधाची बातमी व्हॉट्सॲपवर आली. ते परदेशातून मागवता येईल का?

बातमीत आधी हे पाहा: प्रयोग कोणावर झाला? बशीतल्या जंतूंवर, उंदरांवर की माणसांवर? उंदरांपर्यंतच असेल, तर ते औषध जगात कुठेही विकत मिळत नाही. मिळते असे कोणी सांगत असेल, तर ती फसवणूक समजा. परदेशात मंजूर झालेले पण भारतात न मिळणारे औषध सरकारी परवानगीने मागवता येते. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशीच बोला.

आम्हाला चाचणीत भाग घ्यायचा असेल तर?

भारतात चालणाऱ्या औषधचाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ती कोणालाही पाहता येते. चाचणीआधी सगळी माहिती तुमच्या भाषेत मिळणे, लेखी संमती देणे आणि वाटल्यास कधीही बाहेर पडणे, हे तुमचे हक्क आहेत.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

तापाबरोबर पुढीलपैकी काहीही दिसले, तर घरी गोळ्या बदलत बसू नका: जोराचा श्वास किंवा धाप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, लघवी खूप कमी होणे, हातपाय गार पडणे, कातडीवर निळसर किंवा जांभळे डाग, लहान बाळाने दूध पिणे सोडणे. संसर्ग रक्तात पसरल्याची ही लक्षणे असू शकतात आणि अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. सोबत आधीचे रिपोर्ट आणि अलीकडे घेतलेल्या अँटिबायोटिक्सची नावे न्या. आधी कोणते औषध दिले गेले हे कळले, की योग्य औषध निवडायला डॉक्टरांना कमी वेळ लागतो.

"नवीन औषध नाही का?" या प्रश्नाचे आजचे उत्तर असे आहे: मातीतल्या जिवाणूंच्या वहीत पाककृती भरपूर आहेत, त्या वाचण्याचे साधन आता हाती आले आहे, पण त्या रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला वर्षे लागतील. तोपर्यंत आपल्याकडे आहेत तीच औषधे पुरवून वापरायची आहेत. सर्दीसाठी न घेतलेली गोळी उद्या आपल्याच घरातल्या कोणाच्या तरी कामी येऊ शकते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.